काळ्या जमिनीतला रस्ता कडेनंच का फुटतो, आणि हायवे इंजिनिअरिंग कुठून शिकायचं

चोपडा तालुक्यातल्या, सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलं आहे: या सेमिस्टरला हायवे इंजिनिअरिंग आहे. पुस्तक रस्त्यांच्या इतिहासापासून सुरू होतं, मग वर्गीकरण, मग सूत्रं, आणि कशाचा कशाशी मेळ लागत नाही. दुसरीकडे गावापासून फाट्यापर्यंतचा ३ किलोमीटरचा डांबरी रस्ता दोन पावसाळ्यांत कडेनं फुटला. घरी सगळे म्हणतात, तू इंजिनिअर होतेय ना, मग सांग का फुटला. आजोबांचं उत्तर ठरलेलं आहे: काळ्या जमिनीत रस्ता टिकतच नाही. ते बरोबर आहेत का, आणि हा विषय नेमका कुठून धरायचा?

तू माझ्या धाकट्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून एकेरीत लिहितो. मी २९ वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली. पहिली काही वर्षं ठेकेदाराकडे साईटवर, नंतर बराच काळ क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये, शेवटी डिझाईनला. बहुतेक काम धुळे, जळगाव आणि नंदुरबार याच तीन जिल्ह्यांत झालं.

तुझे प्रश्न दोन दिसतात, पण तो रस्ता का फुटला हे तू नीट समजून घेतलंस तर अर्धा विषय तुझ्या हातात येईल. रस्ता खालून वर बांधत जातात आणि बहुतेक वेळा तो खालूनच बिघडतो. म्हणून शिकतानाही खालून सुरुवात कर. आधी माती, मग पाणी, मग चाकाचं वजन, मग थर आणि सगळ्यात शेवटी डांबर. १९२७ची जयकर समिती, १९३४मध्ये स्थापन झालेली इंडियन रोड्स काँग्रेस, १९४३ची नागपूर योजना हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ते परीक्षेच्या आधी आठवडाभरात होतं. इतिहासातलं एकच नाव आत्ता धर: जॉन मॅकॅडम. आपल्याकडे गावातला मुकादमसुद्धा खडीकरणाला डब्ल्यूबीएम, म्हणजे वॉटर बाउंड मॅकॅडम म्हणतो, त्यातला शेवटचा एम म्हणजे हा माणूस. दोनशे वर्षांपूर्वी त्यानं धरून ठेवलेली गोष्ट अशी की गाडीचं वजन शेवटी मूळ जमीनच उचलते. ती कोरडी राहिली तर कितीही उचलते, आणि वरचा रस्ता म्हणजे त्या जमिनीवरचं छप्पर. तुझ्या गावच्या रस्त्याचं उत्तर यातच आहे.

तुझा रस्ता मी पाहिलेला नाही, म्हणून काही गोष्टी आधीच मान्य करतो. चोपडा तालुक्यात गाव सातपुड्याच्या पायथ्याकडे असेल तर जमिनीत डोंगरातून वाहून आलेले गोटे, वाळू, भरड गाळ सापडतो, पाणी पटकन खाली मुरतं. तापीकडे असेल तर खोल काळी किंवा गाळाची जमीन. दोन्ही ठिकाणी एकच अंदाजपत्रक वापरलं तर एक रस्ता टिकेल आणि दुसरा फुटेल. शिवाय रस्ता कोणत्या योजनेतून झाला, खाली जुना खडीचा थर होता का, वाळूचे किंवा केळीचे ट्रक त्यावरून जातात का, हे सगळं उत्तर बदलणारं आहे. तू काळी जमीन म्हणतेस, म्हणून ती खोल काळीच आहे असं धरून पुढे लिहितो.

आजोबा अर्धे बरोबर आहेत. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-धुळे-जळगाव-नागपूर महामार्ग, म्हणजे जुना ६ नंबर आणि आताचा ५३, खान्देशात मैलोनमैल काळ्या जमिनीतूनच जातात आणि रात्रंदिवस ट्रकांचा भार सोसतात. तेव्हा काळ्या जमिनीत रस्ता टिकतो. पण ही माती चूक माफ करत नाही. मुरमाड जमिनीत जी हयगय दहा वर्षं झाकून राहते, ती काळीत दोन पावसाळ्यांत वर येते.

असं का, ते मातीतच बघ. आपली काळी माती बेसॉल्टच्या खडकाची झीज होऊन बनली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाईट नावाचं चिकण खनिज भरपूर असतं. त्याची रचना पातळ पापुद्र्यांसारखी असते. पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की माती फुगते, पाणी निघून गेलं की आकसते. मे महिन्यात कोरडवाहू शेतात पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच जागी चिखल चपलेला सोडत नाही, हे तू लहानपणापासून बघत आली आहेस. रस्त्याखाली हेच चालू असतं, फक्त वरून दिसत नाही.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक परीक्षा स्वतःच्या हातानं कर. महाग यंत्र लागत नाही. रस्त्यालगतच्या बांधावरून फूटभर खालची माती आण, वाळव, कुट आणि ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळ. १०-१० ग्रॅम दोन वेळा मोजून घे. १०० मिलिलिटरचे दोन मोजपात्रं घे, एकात रॉकेल भर, दुसऱ्यात पाणी, आणि दोन्हींत एकेक वाटा माती सोड. काचेच्या कांडीनं हलवून आतली हवा काढ आणि २४ तास ठेव. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, ती तळाशी शांत बसते. पाण्यातली माती मात्र वर चढते, पृष्ठभाग लोण्यासारखा मऊ दिसतो. समजा रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ झाली, तर फुगवटा ८० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेली की ती माती रस्त्याच्या भरावाला घेत नाहीत. याला फ्री स्वेल इंडेक्स म्हणतात. पुस्तकात तो दोन ओळींत उरकलेला असतो. पण ती दोन पात्रं शेजारी ठेवून एकदा पाहिलीस की तुला आयुष्यात विसरायला होणार नाही. मी नव्या मुलांना लॅबमध्ये पहिल्या दिवशी हेच करायला लावायचो.

दुसरी परीक्षा सीबीआर, म्हणजे कॅलिफोर्निया बेअरिंग रेशो. मूळ कॅलिफोर्नियातली, जगभर वापरतात. ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या दाबलेल्या मातीत मिनिटाला सव्वा मिलिमीटर वेगानं घुसवायचा आणि किती जोर लागतो ते मोजायचं. चांगल्या दाबलेल्या खडीत अडीच मिलिमीटर घुसायला १३७० किलो लागतात, हे प्रमाण धरलेलं आहे. तुझ्या मातीचा सीबीआर २, म्हणजे त्या प्रमाणाच्या २ टक्के निघाला, तर तिथे फक्त २७ किलो लागले. नमुना ४ दिवस पाण्यात भिजवून मग परीक्षा करतात, कारण रस्ता पावसाळ्यातही चालवायचा असतो. भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर बहुतेक २-३च्या आसपास येतो. हीच माती कोरडी असताना तिच्यावर टिकाव मारला तर हाताला झिणझिण्या येतात. म्हणजे माती तीच, तिच्यातलं पाणी बदललं की तिची ताकद कित्येक पटींनी बदलते. उन्हाळ्यात रस्ता बघून कोणी म्हणालं की खालचं काम लोखंडासारखं पक्कं आहे, तर त्याचं ऐकू नकोस.

आता मुख्य मुद्दा: कडेनंच का फुटला?

खान्देशात पाऊस जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत, आणि मग आठ महिने जवळजवळ कोरडे. डांबरी थराखाली, रस्त्याच्या मध्यभागी, मातीतला ओलावा हळूहळू एका पातळीवर स्थिरावतो. वरून छप्पर आहे, ऊन लागत नाही, पाणी शिरत नाही. कडेला मात्र छप्पर संपलेलं. तिथली माती दर पावसाळ्यात फुगते, दर उन्हाळ्यात आकसते. मधला भाग जागेवर, कड वर-खाली. या दोन्हींच्या सीमेवर डांबराला ताण पडतो आणि कडेपासून साधारण अर्धा ते एक मीटर आत, रस्त्याच्या लांबीनं एक लांब चीर जाते. पहिल्या वर्षी ती केसाएवढी असते, कोणी लक्ष देत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी त्याच चिरेतून खाली उतरतं, खालची माती लोणी होते, आणि त्यावरून ट्रॉली गेली की तुकडा खचतो.

१९९८च्या मे महिन्यात तापीकाठच्या एका गावाच्या रस्त्यावर आम्ही अशीच चीर खोदून पाहिली. रस्ता तीन वर्षांचा, कागदोपत्री सगळे थर बरोबर. साहेबांची परवानगी घेऊन निम्म्या रुंदीत आडवा चर घेतला, दोन फूट खोल. मधल्या टोकाला खाली हात घातला तर माती गार आणि ओलसर, मुठीत दाबली की गोळा व्हायचा. कडेकडे सरकलो तशी ती कोरडी, ढेकळं सुटी, आणि साईडपट्टीखाली तर बोट घालता येईल अशा उभ्या भेगा. वरची चीर जिथे होती, बरोबर तिथेच खाली ओली आणि कोरडी माती भेटत होती. आणखी एक गोष्ट दिसली, ती माझ्या मनात कायमची बसली. रस्त्याच्या एका बाजूला केळीचा बाग होता, बारमाही पाणी. दुसऱ्या बाजूला कोरडवाहू कापूस. केळीच्या बाजूची कड उन्हाळ्यातही जवळजवळ शाबूत होती, लांब चीर फक्त कापसाच्या बाजूला. माती दोन्हीकडे एकच, रोलर एकच, ठेकेदार एकच. पाणी कमी-जास्त होत राहिलं तिथे रस्ता फुटला. त्या दिवसापासून काळ्या जमिनीतला रस्ता बघताना मी आधी दोन्ही बाजूंची पिकं बघतो. मोठी बाभूळ किंवा निंब कडेला असेल तर तेही बघतो, कारण झाडाची मुळं उन्हाळ्यात रस्त्याखालचा ओलावा ओढतात आणि तिथली कड जास्त बसते.

केळीच्या पाण्यानं रस्ता चांगला राहतो असा याचा अर्थ काढू नकोस. पाटाचं पाणी साईडपट्टीवरून वाहत असेल किंवा रस्त्याखालून नेलेली पाईपलाईन गळत असेल तर तिथे रस्ता आधी बसेल. पाईपलाईनचं दुखणं आपल्याकडे फार आहे. नदीवरून किंवा विहिरीवरून शेतात पाणी न्यायला रस्ता आडवा खोदतात, पाईप टाकतात आणि माती पायानं ढकलून देतात. पहिल्या पावसात तिथे आडवी खोलगट पट्टी पडते, प्रत्येक गाडी तिथे आदळते, आणि त्या आदळण्यानं पुढचा हातभर रस्ता सुटतो. पाणी शेताला लागतंच, ते कोणी अडवू नये. पण रस्ता करतानाच दर ठरावीक अंतरावर मोकळे पाईप आडवे टाकून ठेवले तर पुन्हा खोदायची वेळ येत नाही. मी जमेल तिथे हे अंदाजपत्रकात धरायला लावलं.

कडेच्या फुटीचा दुसरा प्रकारही आहे, आणि तो मातीच्या फुगण्याचा नाही. गावाच्या रस्त्याचा डांबरी भाग ३.७५ मीटर, वाहतूक फार कमी असेल तर ३ मीटर. समोरून एसटी आली की ट्रॅक्टरचं एक चाक साईडपट्टीवर उतरणारच. साईडपट्टीचा मुरूम वाहून गेला असेल, डांबराची कड चार बोटं उघडी पडली असेल, तर चाक चढता-उतरता ती कड बिस्किटासारखी तुटते. म्हणून चीर आधी आत पडली की कड आधी बाहेरून तुटली, हे नीट बघ. पहिल्यात दोष माती आणि पाण्याचा, दुसऱ्यात साईडपट्टीचा. उपाय पूर्ण वेगळे आहेत. आणि चाकाच्या वाटेवर सुसरीच्या पाठीसारखी जाळी पडली असेल तर खालचा थर कमी पडला. गोल खड्डे, आत सुटी खडी, पण आजूबाजूचा रस्ता सपाट, तर बहुतेक डांबराच्या थरातच चूक आहे.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगतो: काळी माती ओलाव्याप्रमाणे हलते, ओलावा कडेला बदलतो, म्हणून चीर कडेला पडते, आणि चिरेतून शिरलेलं पाणी बाकीचं काम करतं. आता वजनाकडे येऊ.

ट्रकच्या मागच्या एक्सलच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आसाच्या, एका बाजूला साधारण ४ टन येतात. ते चाकांखालच्या १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर धर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला पावणेसहा किलोच्या आसपास दाब. ओली काळी माती हे सहन करणार नाही. म्हणून वर थर घालायचे, जेणेकरून दाब पसरत जाईल. ढोबळ हिशोबाला ४५ अंशांत पसरतो असं मान. २० सेंटिमीटर जाडीच्या तळाशी तोच दाब १ किलोवर येतो, ४० सेंटिमीटरच्या तळाशी अर्ध्या किलोच्याही खाली. खरं गणित याहून अवघड आहे, थरांच्या ताठपणावर अवलंबून आहे, पण जाडी कशासाठी लागते ते यातून कळतं. अंदाजपत्रकात ४० लिहिलं आणि जागेवर ३० पडलं तर १० सेंटिमीटरची चोरी झाली असं दिसतं, पण मातीवरचा दाब जवळजवळ दीडपट झालेला असतो.

यात आणखी एक नियम धर. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ट्रक फिरवून पाहिले गेले. त्यातून निघालं की रस्त्याचं नुकसान एक्सलवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं. वजन दुप्पट झालं तर नुकसान १६ पट. आपल्याकडे प्रमाण एक्सल ८.१६ टनांचा धरतात. २०१८मध्ये चार टायरच्या एक्सलची कायदेशीर मर्यादा ११.५ टन झाली. म्हणजे कायद्यात बसणारा एक असा एक्सलही रस्त्याला चार प्रमाण एक्सलांएवढा भारी पडतो. मोटारसायकली आणि कार या हिशोबात जवळजवळ शून्य. जेव्हा गावकरी म्हणतात की आमच्या रस्त्यावर वाहतूकच नाही, तेव्हा मी विचारतो, वाळूचे डंपर किती, केळीच्या हंगामात ट्रक किती? दिवसाला दहा भरलेले डंपर रस्त्याचं आयुष्य ठरवतात. वाहतुकीची गणना सलग सात दिवस, रात्रंदिवस करायची असते. हंगाम सोडून केली तर ती गणना कागदावरच बरोबर राहते, कारण ट्रक हंगामातच येतात.

दबाईबद्दल एक गोष्ट सांगतो, ती पुस्तकात असते पण मुलं वाचून पुढे जातात. प्रत्येक मातीला एक ठरावीक ओलावा असतो, ज्यावर रोलर फिरवला तर ती सर्वांत घट्ट बसते. प्रॉक्टर परीक्षेतून तो काढतात. काळ्या मातीला हे पाणी मुरमापेक्षा बरंच जास्त लागतं. आता आपल्याकडे काम कधी होतं? एप्रिल-मेमध्ये, जेव्हा गावाला प्यायलाच टँकर येतो. पाणी कमी मारून, कोरड्या मातीवर जड रोलर फिरवला की वरून ती छान टणक दिसते. पण कोरडी आणि अति घट्ट दाबलेली काळी माती पाणी मिळालं की सगळ्यात जास्त फुगते. म्हणून या मातीला ठरलेल्या ओलाव्याहून एक-दोन टक्के जास्त पाण्यावर आणि थोड्या कमी घनतेवर दाबावं असं मार्गदर्शन आहे. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, हा मुरमाचा नियम काळीला लावायचा नाही. साईटवर हे समजावताना मला फार त्रास झाला, कारण रोलर चिकटतो, काम हळू होतं आणि ड्रायव्हर वैतागतो. पण ज्या ठिकाणी आम्ही हट्टानं ते केलं तिथे फरक डोळ्यांनी दिसला.

याहून चांगला उपाय म्हणजे काळ्या मातीवर न फुगणाऱ्या मातीचा जाड थर, ६० सेंटिमीटर ते १ मीटर, दोन्ही साईडपट्ट्यांसह पूर्ण रुंदीत. महामार्गाला हे परवडतं. गावच्या रस्त्याला मुरूम कुठून येतो यावर सगळं आहे. तापीकाठच्या खोल काळ्या पट्ट्यात मुरमाची खाण लांब पडते, वाहतुकीचाच खर्च मुरमापेक्षा वाढतो. तिथे मातीत ३ ते ५ टक्के चुना मिसळून तिचं फुगणं कमी करता येतं. चुन्यातलं कॅल्शियम त्या पापुद्र्यांना जखडतं, माती चिकट राहत नाही, भुसभुशीत होते. भुसावळजवळ दीपनगरच्या वीज केंद्राची राखही जवळच आहे, भरावाला आणि चुन्यासोबत ती चालते. पण चुना सारखा मिसळला नाही, एका जागी ढीग आणि एका जागी काहीच नाही असं झालं, तर पैसा वाया जातो. नीट देखरेख करणारा माणूस असेल तरच मी चुना सुचवतो. नसेल तर थोडा कमी लांबीचा रस्ता करा पण मुरूम पूर्ण टाका, असं माझं मत आहे आणि ते मी बैठकांमध्ये बोललो आहे.

लोक लगेच म्हणतात, मग सिमेंटचाच करा. गावठाणात, जिथे घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथे माझंही मत काँक्रीटलाच आहे. डांबर साचलेल्या पाण्यात टिकत नाही, खडीपासून सुटतं. पण गावाबाहेर उघड्या काळ्या जमिनीत नुसती काँक्रीटची पाटी टाकली आणि खाली काही केलं नाही, तर कडा वर-खाली होऊन तीही तडकते. तडकलेलं काँक्रीट दुरुस्त करणं डांबराहून कठीण.

डांबराला मी एकच परिच्छेद देतो, कारण गावच्या रस्त्यात ते शेवटचं पांघरूण आहे. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ अंशांपर्यंत जाते, काळा पृष्ठभाग साठीच्या पुढे तापतो. आणि आपल्याकडे वापरतात ते व्हीजी-३० प्रतीचं डांबर ४७ अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागलं तरी ते नियमात बसतं. मग रस्ता वितळत का नाही? कारण भार डांबर एकटं उचलत नाही, एकमेकांत अडकलेली खडी उचलते. डांबर जास्त झालं की उन्हाळ्यात ते वर येतं, रस्ता चकाकतो आणि पावसात गाड्या घसरतात. कमी झालं की खडी सुटते.

विषयाचा दुसरा अर्धा भाग वळणं, चढ आणि नजरेचं अंतर. तो शिकायला पुस्तक घेऊन चाळीसगावहून कन्नडचा घाट एकदा बसनं चढ. पुढच्या सीटवर बस. डोंगरात चढ साधारण २० मीटरला १ मीटर इतकाच का धरतात, वळणावर रस्ता बाहेरून उचललेला का असतो, वळणावर रुंदी का वाढवतात, हे ड्रायव्हरचे हात आणि गिअर बघून कळेल. सपाटीवरचं उदाहरण तुझ्या फाट्यावरच आहे. ताशी ८० किलोमीटरनं येणाऱ्या ड्रायव्हरला ट्रॅक्टर दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत अडीच सेकंद धरतात, तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे येते. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला आणखी सत्तरेक मीटर. आता फाट्याच्या कोपऱ्यावर डोक्याएवढा मका उभा असेल तर त्या ड्रायव्हरला ट्रॅक्टर किती मीटरवरून दिसतो ते टेपनं मोज. कोपऱ्यावरचं थोडं पीक बुटकं ठेवायला शेतकऱ्याशी बोलणं हेसुद्धा रस्त्याचं काम आहे. मी अशा दोन फाट्यांवर बोललो, लोकांनी ऐकलं.

आता तुझ्या रस्त्यावर जा. सोबत एक दोरी, एक टेप आणि वही घे. फाट्याजवळ फलक असेल तर योजना, वर्ष, लांबी आणि ठेकेदार लिहून घे. पंतप्रधान ग्राम सडक योजनेतला रस्ता असेल तर पूर्ण झाल्यापासून ५ वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते, म्हणजे दोन पावसाळ्यांत फुटलेल्या रस्त्याची दुरुस्ती मागायचा गावाला पूर्ण हक्क आहे. इतर योजनेत करारात किती मुदत आहे ते ग्रामपंचायतीनं लेखी विचारावं. मग रस्त्याच्या मध्यावर दोरीचं टोक धर, ती आडवी सपाट ताणून कडेला किती खाली राहते ते मोज. ३.७५ मीटरच्या रस्त्याला ते साडेपाच ते साडेसहा सेंटिमीटर यायला हवं. दोन-तीन आलं तर पाणी रस्त्यावरच थांबतंय. साईडपट्टी डांबराहून उंच, गवतानं भरलेली असेल तर तीच बांध झाली आहे, पाणी कडेला धरून ठेवते. माझ्या अनुभवात गावच्या निम्म्या रस्त्यांचं पहिलं दुखणं हेच असतं, आणि त्यावर उपाय म्हणून लागतं ते दिवसभराचं फावड्याचं काम.

मग नाल्या बघ. शेत वाढवताना नाली नांगरली गेली आहे का? रस्ता दोन्ही शेतांच्या वर आहे की खाली? आपले पुष्कळ रस्ते जुन्या गाडवाटेवरच झाले आहेत. शंभर वर्षं बैलगाड्यांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्यानं त्या वाटा खोल गेल्या, दोन्ही बाजूंना बांध उंच राहिले. त्या खोलगटात खडी-डांबर टाकलं तर पावसाळ्यात दोन्ही शेतांचं पाणी तिथेच उतरणार. अशा ठिकाणी रस्ता आधी भराव घालून उचलावा लागतो, नाहीतर पुढचं कोणतंही काम करू नये.

आणि शेवटी आजोबांना सोबत घेऊन एकदा पूर्ण ३ किलोमीटर चाल. गाडीवर नको, पायी. रस्ता व्हायच्या आधी पाणी कुठून कुठे जायचं, कोणत्या शेतातून ओघळ यायचा, कुठे बैलगाडी रुतायची, हे त्यांना विचार आणि प्रत्येक जागा वहीत मांड. हे कोणत्याही नकाशात मिळत नाही, आणि मी प्रत्येक नव्या रस्त्याला गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून हेच विचारून घ्यायचो. मग त्या प्रत्येक जागेवर आज मोरी आहे का ते बघ. जिथे ओघळ होता आणि मोरी नाही, तिथल्या चिरा मोज, कडेपासूनचं अंतर लिही, दोन्ही बाजूंचं पीक लिही. ते आकडे आणि त्या दोन पात्रांमधल्या मातीचा फुगवटा इथेच टाक, मी बघून पुढचं सांगतो.